वा. चार

सातारा
१६ जून १९७४

ती. सौ. बनुअक्का आणि ती. नाथाजी दाजींना सिद्धूचा साष्टांग नमस्कार.

पत्र लांबलचक आहे. तव्यावर भाकरी टाकून वाचायला घेऊ नकोस, करपेल आणि खापर माझ्यावर फुटेल.

अक्का, माझं चित्त ठिकाणावर नाही. सहा वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतोय. तीच सरासरी, तोच फळा, मागच्या बाकावर पेंगणारी तीच पोरं. मे महिन्यात पुण्याला तीन आठवड्यांच्या वर्गाला गेलो आणि तिथं संगणक पाहिला. अख्खी खोली व्यापून बसलेला. भोकं पाडलेली कार्डं त्याला खायला घालायची. नवल म्हणजे त्याला नियम सांगावा लागत नाही, नुसती उदाहरणं द्यायची. असं होतं तेव्हा हे घडलं, तसं होतं तेव्हा ते घडलं. शेकडो उदाहरणं दिली की नियम तो स्वतः शोधून काढतो. दर शनिवारी दोन तास ते यंत्र वापरायची परवानगी मी मिळवली आहे. तेव्हापासून शनिवारखेरीज दुसरा वार मला सुचत नाही.

आता उदाहरणं हवीत. सगळे परदेशातली तयार कोष्टकं घेतात, मला इथलं काही हवं होतं. तेव्हा तुझ्या सासऱ्यांची, आकाराम आबांची, वही आठवली. तीस वर्षं ते हळदीच्या पेवांवर मुकादम होते आणि पेव उघडलं की एक ओळ लिहायचे. कुठलं पेव, हळद किती महिन्यांची, उतरणाऱ्याला भोवळ आली की नाही. त्यावरून यंत्र शिकलं तर कुठल्या पेवात धोका आहे हे उतरण्याआधीच सांगता येईल. आता मुकादमी दाजींकडे आहे, म्हणजे त्यांच्याच उपयोगाचं. वही पाठवू नकोस, टपालात गहाळ होईल. नक्कल करून पाठव.

तुझा
सिद्धू


हरिपूर
८ जुलै १९७४

चि. सिद्धूस अनेक आशीर्वाद.

घे तुझी नक्कल. तीनशे बारा ओळी. बोटाला घट्टा पडला. लहानपणी तू शुद्धलेखन माझ्याकडून लिहून घ्यायचास, मास्तर झालास तरी खोड गेली नाही.

आबांचं लिहिणं म्हणजे निम्मं वहीत आणि निम्मं डोक्यात. ते दोन वर्षांपूर्वी गेले, वही राहिली. ‘ह.’, ‘वा.’, ‘भो.’ अशी तुटकी अक्षरं आणि पुढे आकडा. ह. म्हणजे हळद किती महिन्यांची, भो. म्हणजे भोवळ. जसं होतं तसं उतरवलंय, पदरचं काही घातलं नाही. अडलं तर विचार.

तू पेवं लांबूनच पाहिली आहेस म्हणून सांगते. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं आणि पोट खोलीएवढं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्ष-दोन वर्षं तिला कीड लागत नाही. पण बंद पेवातली हवा माणसाच्या कामाची राहत नाही. म्हणून तोंड फोडल्यावर पेवाला दम द्यायचा, म्हणजे काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. पहिले उतरतात ते तुझे दाजी, आणि वर दोर धरतो जोतिबा. जोतिबा तुला आठवत असेल, पेरूच्या झाडावर अडकून रडत होतास तेव्हा तुला खांद्यावर घेऊन उतरवलं होतं त्यानं. मागच्या साली त्याचं लग्न झालं. बायको उंब्रजची, शालूबाई. आमच्याबरोबर पेवावर हळद निवडायला असते. भांडखोर आहे, पण मनानं निर्मळ.

दाजी म्हणतात, “त्याला म्हनावं, हितं ये दोन दिस. वहीत न्हाई ते मी सांगतो.” ये की. आखाडाचं तळण करायचं तर खायलाही कुणी हवं.

तुझी
अक्का


सातारा
२५ ऑगस्ट १९७४

ती. अक्का आणि दाजींना नमस्कार.

सापडलं. अक्का, सापडलं.

पाच शनिवार एस.टी.नं पुण्याला हेलपाटे घातले. एकदा स्वारगेटला कार्डांचा गठ्ठा हातातून निसटला आणि सगळा क्रम बिघडला, तेव्हा तिथंच फतकल मारून रडावंसं वाटलं. पण काल यंत्रानं नियम काढला. खोल पेव बिनधोक, उथळ पेव धोक्याचं. एक्केचाळीस वेळा भोवळ आली आहे, ती जवळजवळ सगळी उथळ पेवांत. सगळ्यात खोल पेवांत एकदाही नाही. म्हणजे आजवर आपण सगळे उलटंच समजत आलो.

पुण्याचा आमचा वर्ग घेणाऱ्या कानिटकर बाईंना दाखवलं. त्या शाबास म्हणाल्या आणि लगेच विचारलं, “पेवात उतरणाऱ्या माणसाशी बोललात का? त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या दोन-चार गोष्टी यंत्राला सांगून ठेवा. तीनशेऐवजी तीस उदाहरणांत शिकेल, आणि भलतं काही शिकणार नाही.” मी नाही म्हणालो. मला यंत्र सोवळ्यात ठेवायचं आहे. माणसांचे समज, ऐकीव गोष्टी, भीती, कशाचाच विटाळ नको. निव्वळ आकड्यांतून निघालं तरच त्याचं मोल. ऑक्टोबरात पुण्याला मोठ्या लोकांसमोर यावर निबंध वाचायचा आहे. तोपर्यंत तिकडे यायला सवड नाही. दाजींना सांग, रागावू नका.

तुझा
सिद्धू


हरिपूर
४ सप्टेंबर १९७४

चि. सिद्धूस आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. आधी हसले. मग हात धुऊन पुन्हा येऊन बसले आणि म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. म्हणाले, “खोल पेव बिनधोक? आगं, वाईट हवा जड असती, ती तळाला बसती. जितकं खोल तितकं वाईट. माझा चुलता खोल पेवातच गेला. त्या यंत्राला कुनीतरी वही उलटी दावलीया.”

चुलत्यांचं मरण वहीत नाही, मी शोधलं. यांना विचारलं तर म्हणाले, सख्ख्या भावाचं मरण आबा वहीत कशाला लिहितील.

सिद्धू, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. एक रविवार काढ आणि इथं येऊन पेव बघ. आणि तोवर हे मालकांच्या कानावर घालू नकोस. बाळासो मालकांना पेव नुसतं उघडं पडलेलं बघवत नाही. रस्त्यावर ट्रक उभा राहतो आणि माणसं झाडाखाली बसतात, याचा त्यांना भारी राग. त्यांना एवढं निमित्त पुरेल.

तुझी
अक्का


सातारा
२० सप्टेंबर १९७४

ती. अक्कास नमस्कार.

दाजींच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. पण एका मरणानं नियम मोडत नाही. माणसाला पाच-सहा पेवं आठवतात, आणि जी आठवतात ती भीतीची. वहीत तीनशे बारा आहेत. यंत्राला चुलता नाही, म्हणून त्याला भीतीही नाही. हे दाजींना लागेल असं सांगू नकोस, तुझ्या पद्धतीनं सांग.

आणि मालकांना मी आधीच कळवलं होतं. तुझं पत्र त्यानंतर आलं. त्यांचं उत्तर छापील कागदावर आलं आहे. ‘आपल्यासारखा विद्वान आमच्या मुकादमाचा मेव्हणा आहे याचा आम्हांस अभिमान वाटतो.’ सहा वर्षांत मला असं कुणी लिहिलं नव्हतं. खरं सांगतो, ते पत्र मी खिशात घालून फिरतोय. शिवाय नियम प्रत्यक्ष वापरात आला असं निबंधात लिहिता आलं तर त्याचं वजन केवढं वाढेल, याचा विचार कर. मला इथून बाहेर पडायचं आहे, अक्का. फळ्यासमोर म्हातारं व्हायचं नाही.

तुझा
सिद्धू


हरिपूर
गुरुवार, १० ऑक्टोबर १९७४

चि. सिद्धूस,

हे पत्र मिळताच तार कर.

पेवांवर पाटी लागली आहे. ‘अठरा फुटांहून खोल पेव उघडताच उतरावे. थांबू नये.’ खाली लाल अक्षरांत ‘शास्त्रीय संशोधनानुसार’. तुझं नाव नाही, पण कुणाचं संशोधन ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

दोन दिवस हे मालकांशी भांडले. मग गडी यांनाच चिडवायला लागले, “काय मुकादम, सख्ख्या मेव्हण्यावर भरोसा न्हाई व्हय?” परवापासून यांचा सूरच बदलला. मला म्हणतात, “आपल्या घरचं पोरगं हाय. चार मानसांत मीच त्याला खोटं पाडू? मग बाकीची त्याला काय किंमत देतील?” मी म्हटलं, बरं, निदान कंदील तरी सोडा. तर म्हणाले, “कंदील सोडला म्हंजी त्याच्यावर इस्वास न्हाई असंच झालं की.”

सोमवारी चौदा नंबरचं पेव फोडायचंय. सगळ्यांत खोल तेच. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. ‘थांबा’ एवढा एकच शब्द पाठव. तुझं यंत्र खरं निघालं तर मी आनंदानं नारळ फोडीन आणि जन्मभर तुझी टिंगल करणार नाही. पण सोमवारी त्यांना थांबा म्हण.

अक्का


पुणे
१२ ऑक्टोबर १९७४

ती. अक्का आणि दाजींना नमस्कार.

मंगळवारपासून पुण्यात आहे, एका मित्राच्या खोलीवर. सातारला गुरुवारी परतेन, तेव्हा तुझं पत्र आलं असेल तर वाचीन. मालकांनी इथल्या पत्त्यावर कळवलं की नियम लागू झाला आणि दाजी स्वतः माझ्या बाजूनं उभे राहिले. वाचून डोळे भरून आले. दाजींना म्हणावं, या उपकाराची फेड कशी करू?

सोमवारी अकरा वाजता निबंध आहे. भिंतीसमोर उभा राहून आज पाच वेळा मोठ्यानं वाचून काढला. आशीर्वाद असू दे.

तुझा
सिद्धू


हरिपूर
२१ ऑक्टोबर १९७४

सिद्धूस,

तार मिळाल्यावर तू दवाखान्यात आलास, दारातून यांना पाहिलंस आणि कुणाशी न बोलता सहाच्या गाडीनं परत गेलास. म्हणून काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते.

सोमवारी साडेदहाला चौदा नंबरचं तोंड फोडलं. हे लगेच उतरले. कमरेला दोर होता, कंदील सोडला नव्हता. जरा वेळानं दोर सैल पडला. जोतिबानं हाका मारल्या, ओ आली नाही. सगळ्यांनी मिळून ओढलं, पण तोंडाखाली जिथं पेव रुंद होतं तिथं यांचं अंग अडकलं. जोतिबानं हातातला दोर दुसऱ्याकडे दिला आणि स्वतः तसाच उतरला. खालून त्यानं यांना रेटलं. हे वर आले. तो आला नाही. एक जण त्याच्यामागं उतरायला निघाला, त्याला मी आणि शालूबाईनं मिठी मारून धरून ठेवलं. शालूबाईनं, सिद्धू. खाली कोण आहे हे तिला ठाऊक होतं.

परवापासून यांना नीट बोलता येतंय. मी आबांची वही घेऊन खाटेपाशी बसले. तुझं यंत्र चुकलं कुठं ते मला बघायचं होतं. चौदा नंबरची जुनी ओळ काढली. ‘ह. सोळा, वा. चार, भो. नाही.’ म्हटलं, बघा, चार वाव, म्हणजे चोवीस फूट खोल पेव, तरी भोवळ नाही. हे माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, “वाव कुटलं? वारा हाय त्यो. आमी दम म्हंतो, आबा वारा म्हनायचं. चार तास वारा दिला, मग उतरलं, म्हनून भवळ न्हाई. पेवाची खोली कशाला लिहितील आबा? ती समद्यांना पाठ हाय.”

आता कळलं का? जिथं चार तास थांबले तिथं कुणाला काही झालं नाही. जिथं घाई केली तिथं भोवळ आली. वही इतकंच सांगत होती. एकाच पेवापुढं कुठं वा. चार, कुठं वा. एक होतं, तेही खटकलं नाही. आपण तासांना वाव म्हटलं आणि थांबण्याला खोली म्हटलं. आपण म्हणते, कारण नक्कल करताना मीही वावच समजले होते. विहीर वावांत मोजतात, म्हणून पेवही मोजत असतील असं वाटलं. नवरा शेजारी बसून सुपारी कातरत होता आणि मी विचारलं नाही.

मालक म्हणतात, पाटीचा काही दोष नाही, जोतिबा दोर न बांधता उतरला ही त्याची बेफिकिरी. शालूबाईलाही तेच सांगितलंय. त्या दिवशी सकाळी तिचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला वाटतं, त्यामुळंच त्याचं ध्यान ठिकाणावर नव्हतं.

बनुबाई


सातारा
४ नोव्हेंबर १९७४

अक्का,

पंधरा दिवस पत्रं लिहून फाडतोय. त्या दिवशी दवाखान्यात आत यायचं धाडस झालं नाही. दाजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काय केलं असतं?

जे केलं ते सांगतो. कानिटकर बाईंना सगळं सांगितलं. निबंध मागे घेतला. मग सगळी कार्डं नव्यानं केली. वा. म्हणजे तास. आणि पूर्वीच्या पत्रात दाजींनी सांगितलेल्या दोन गोष्टी यंत्राला आधी सांगितल्या, वाईट हवा तळाला बसते आणि जितकं खोल तितकं वाईट. पेवांची खोली विचारणारं दोन ओळींचं पोस्टकार्ड तेवढं टाकलं होतं, ती तू दाजींना विचारून कळवलीसच. बत्तीस ओळींत बरोबर नियम आला. तीनशे बारा लागल्याच नाहीत. दाजी जे जन्मभर करत आले तेच यंत्रानं सांगितलं.

मालकांना लिहिलं की चूक माझी, पाटी खोटी. त्यांनी पाटी काढली, पण जोतिबाबद्दलचं बोलणं मागे घेत नाहीत. माझी सही केलेला कागद सोबत आहे. तो सगळ्या गड्यांना वाचून दाखव.

एकच मागणं आहे. शालूबाईंना तू सांग. तुझ्या तोंडून त्यांना सोसेल. माझ्याच्यानं होणार नाही.

सिद्धू


हरिपूर
९ नोव्हेंबर १९७४

सिद्धू,

कागद वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी गड्यांनी कंदील सोडल्याशिवाय पेवाजवळ पाय ठेवला नाही, आणि मालकांनीही हटकलं नाही.

शालूबाईला मी सांगणार नाही. तुझं शुद्धलेखन मी लिहिलं, तुझी नक्कल मी केली. हे मी करणार नाही. ती उंब्रजला माहेरी आहे, तुझ्यापासून एस.टी.नं तासाभराची वाट. पेवावर यायला तुला सवड नव्हती, तिकडे जायला काढ.

हे घरी आले. डावा हात अजून उचलत नाही. तुझ्यावर अजिबात रागावलेले नाहीत. त्याचाच मला राग येतो.

अक्का


सातारा
१७ नोव्हेंबर १९७४

अक्का,

आज उंब्रजला जाऊन आलो. तीन वेळा एस.टी. सोडून दिली, चौथीत बसलो.

शालूबाईंच्या भावानं ओसरीवर घोंगडं टाकलं. त्या आतल्या दारात उंबऱ्याशी बसल्या. त्यांना मी कोण हे ठाऊक होतं, तरी पाणी दिलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वही, ते अक्षर, मी काय समजलो, मालकांना का लिहिलं. मालकांचं छापील पत्र खिशात घेऊन फिरत होतो हेही सांगितलं. त्या सोमवारी तुम्ही बोललात त्यानं काही झालं नाही, असं म्हणालो.

त्यांनी विचारलं, “म्हंजी त्येंचं ध्यान हुतं?”

मी म्हणालो, पुरतं होतं. उतरलं तर काय होतं हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी ते उतरले. म्हणूनच माझे दाजी आज जिवंत आहेत.

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते, आणि एखादी शिवी तरी यावी म्हणून मी वाट बघत होतो. शिवी दिली असती तर घेऊन निघता आलं असतं.

मग म्हणाल्या, “त्या अक्षराचा अर्थ तुमाला नक्की ठावं हुता?”

मी नाही म्हणालो.

“मग इचारलं का न्हाई?” त्यांचा आवाज चढला नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारत होत्या. “ह्ये हुते, मुकादम हुते, मी हुते. आमी समदी तितंच हुतो की.”

सिद्धू